लहानपणाचा पुरावा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात. एक अभ्यासातील प्रगतीचा, दुसरा वर्तणुकीचा. आपापल्या घरातला जुना दाखला काढून पाहा. बहुतेकांच्या दाखल्यावर प्रगतीपुढे ‘बरी’ किंवा ‘चांगली’ आणि वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असंच लिहिलेलं सापडेल. वर्गात एका जागी बूड न टेकणाऱ्या पोराच्या दाखल्यावरही हेच, आणि खिडकीबाहेर बघत तासच्या तास हरवून जाणाऱ्या पोरीच्या दाखल्यावरही हेच. त्यामागे गुरुजींचा चांगुलपणा होता. पुढच्या शाळेत लेकराची अडवणूक होऊ नये म्हणून सगळ्यांनाच ‘चांगली’ लिहायचं.

तेच लेकरू पस्तीस वर्षांचं होऊन मनोविकारतज्ज्ञासमोर बसतं, तेव्हा हा चांगुलपणा आडवा येतो. प्रौढपणी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि चंचलतेच्या विकाराची, तपासणी करताना डॉक्टर आजच्या त्रासाबद्दल विचारतात, तसंच बारा वर्षांच्या आत तुम्ही कसे होतात, हेही विचारतात. आज कितीही विसरभोळेपणा असो, तो लहानपणापासून असल्याचं दिसलं नाही तर त्याला एडीएचडी म्हणत नाहीत. कारण हा विकार मेंदूच्या वाढीशी जोडलेला आहे. तो चाळिशीत अचानक सुरू होत नाही. अचानक सुरू झाला असेल, तर कारण दुसरं कुठलं तरी असतं आणि तेही शोधावं लागतं. म्हणून या तपासणीची खरी तयारी म्हणजे स्वतःच्या लहानपणाचा पुरावा गोळा करणं. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हे काम पुण्या-मुंबईपेक्षा अवघड आहे. का, ते पुढे येईलच.

आधी थोडं या विकाराबद्दल. लक्ष टिकवणं, कामाची मांडणी करणं, वेळेचा अंदाज घेणं, मनात आलेलं क्षणभर थोपवणं या गोष्टी ज्याला सतत आणि खूपच जड जातात, त्याच्याबाबत हा विचार करतात. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांची वर्णनं सापडतात. मोठं झाल्यावर हे आपोआप जातं, अशी समजूत पुढे बराच काळ टिकून होती. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निकषांत लक्षणं सात वर्षांच्या आत दिसायला हवीत, अशी अट होती. २०१३ मध्ये ती बारापर्यंत वाढवली. त्याच वेळी सतरा आणि त्याहून जास्त वयाच्यांसाठी लक्षणांची संख्याही कमी केली. लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलतेची व उतावळेपणाची नऊ अशा दोन याद्या आहेत. मुलांमध्ये एका यादीतली निदान सहा लक्षणं लागतात, मोठ्यांमध्ये पाच पुरतात. ती निदान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर, काम, नाती यांपैकी एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. जगभरातल्या अभ्यासांचा धांडोळा घेतला तर शंभरातल्या दोन-तीन प्रौढांमध्ये हा विकार आढळतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाख होती. ढोबळ हिशेब केला तरी ही माणसं हजारांत भरतात. त्यांच्यासाठी गावात शब्द आधीपासूनच आहेत: धांदरट, वेंधळा, आरंभशूर, उंडगा. हे शब्द वर्णन म्हणून वाईट नाहीत. पण ते ऐकत वाढलेला माणूस स्वतःला आळशी समजत मोठा होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पुराव्याकडे येऊ. शाळेतून निर्गम उतारा मिळतो, तो मागून घ्या. त्यात सविस्तर शेरे नसतात, पण शाळेत कधी आणि कोणत्या इयत्तेत आलात, कधी सोडली, यावरून एखाद्या वर्गात पुन्हा बसलात का, याचा अंदाज येतो. जुनं प्रगतिपुस्तक मिळालं तर त्याहून चांगलं. गुणांपेक्षा खालचा शेरा पाहा. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ‘निष्काळजीपणामुळे चुका होतात’, ‘अक्षर सुधारावे’ असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. २०१० नंतर शाळेत असलेल्यांच्या बाबतीत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी असतात. मात्र त्यांतली बरीच वाक्यं ठरावीक असतात, एकाच वर्गातल्या वीस मुलांना तीच. शिवाय त्या काळात आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवत नसल्यामुळे एखाद्या वर्गात पुन्हा बसलं नाही म्हणजे अडचण नव्हती, असंही म्हणता येत नाही.

कागद नसतील तर? या जिल्ह्यातल्या बऱ्याच माणसांकडे ते नसतात, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची लातूर आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यांतली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जवळजवळ दहा हजार माणसं दगावली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हा आठ वर्षांचं असलेलं लेकरू आज चाळिशीत आहे, म्हणजे प्रौढांच्या एडीएचडी तपासणीला येणाऱ्यांच्या वयाचं. त्याचं प्रगतिपुस्तक ढिगाऱ्यात गेलं. कुणाची आई गेली, कुणाचे गुरुजी. तपासणाऱ्यापुढे त्याहून अवघड प्रश्न असतो. भूकंपातून वाचलेलं मूल दचकतं, झोपत नाही, वर्गात त्याचं चित्त लागत नाही. बाहेरून हे एडीएचडीसारखंच दिसतं. मग ती अस्वस्थता आधीपासूनची की त्या पहाटेनंतरची?

मला वाटतं, इथे त्या गावांची बोलण्याची पद्धतच मदतीला येते. लोहारा-उमरग्याकडची जुनी माणसं आजही काळाचे दोन भाग करून बोलतात: भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘बारा वर्षांच्या आत कसा होतो’ असं विचारू नका. ‘भूकंपाच्या आधी, जुन्या गावात, कसा होतो’ असं विचारा. जुना वाडा, जुनी शाळा, गावाबाहेरची विहीर डोळ्यांपुढे आली की आठवणी निघतात. आणि डॉक्टरांना भूकंपाचा अनुभव विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगा. बाहेरून बदलून आलेल्या तरुण डॉक्टरला तुमच्या गावाचं नाव ऐकून तो संदर्भ लागेलच असं नाही.

दुसरं कारण दरवर्षी येतं. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. लेकरं सोबत गेली तर हजेरीपटावर पाच महिन्यांचा खड्डा पडतो. अशा मुलाचं अभ्यासात लक्ष नव्हतं, ही नोंद खरी असली तरी कारण वेगळं असू शकतं: अर्धं वर्ष शाळाच नाही तर लक्ष कुठून लागणार? उलटंही घडतं. खरोखर एडीएचडी असलेल्या मुलाची अडचण ‘स्थलांतरित’ या एका शब्दाखाली झाकून जाते. लेकरू मागे राहिलं असेल तर ते आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेलं असतं. त्या पाच महिन्यांचा साक्षीदार आई नाही, आजी आहे. आजी हयात असेल तर तिला गाठा. आईला आठवत नाही म्हणून काही नव्हतंच, असा निष्कर्ष काढू नका.

साक्षीदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. स्वतःच्या लहानपणाबद्दल आपली साक्ष कच्ची असते. म्हणून तपासणीला शक्यतो असं माणूस न्यावं, ज्याने तुम्हाला पाचवी-सहावीपर्यंत जवळून पाहिलं आहे. पण आपल्याकडच्या आयांची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. परक्यासमोर त्या लेकराचं वाईट सांगत नाहीत. समजा, बोलणं असं चाललं आहे:

“मावशी, लहानपणी कसा होता हा?”

“लई गुणाचं लेकरू. कधी उलटून बोललं न्हाई.”

“वस्तू हरवायचा का?”

“लेकरं हरवत्यातच की, साहेब.”

“शाळेचं दप्तर कोण भरायचं?”

“मीच की. धाव्वीपत्तूर. मी न्हाई भरलं तर निस्ता डबा घिऊन जायाचा.”

“आणि थोरल्याचं?”

“थोरला सोताच भरायचा.”

पहिल्या दोन उत्तरांवर थांबलं असतं तर कागदावर ‘बालपणी काही लक्षणं नाहीत’ असं लिहिलं गेलं असतं. शेवटच्या दोन उत्तरांत मात्र कामाची गोष्ट सापडली. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या दोन भावांतला फरक. ‘चंचल होता का’ या प्रश्नाला आई नाहीच म्हणणार. दप्तर कोण भरायचं, दुकानात पाठवलं तर काय घेऊन यायचा, जेवताना ताटावरून किती वेळा उठायचा, झाडावरून-बैलगाडीवरून पडून किती टाके पडले, असं विचारलं की ती हसून सगळं सांगते. तपासणीच्या आधी एका संध्याकाळी घरी निवांत बसून हे विचारून घ्या. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, आपली टिप्पणी न जोडता.

बायकांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. लग्न झालेली बाई दवाखान्यात येते ती नवऱ्यासोबत किंवा सासूसोबत. दोघांनीही तिचं बालपण पाहिलेलं नसतं. साक्षीदार माहेरी असतो. आई किंवा मोठा भाऊ सोबत आणता आला तर उत्तम, नाहीतर डॉक्टरांसमोर फोनवर बोलणं करून द्यावं. मुलींमध्ये धावपळ कमी आणि मनातल्या मनात भरकटणं जास्त असतं, म्हणून त्या शाळेत नजरेआड राहतात. वर्गात शांत बसलेली मुलगी गुरुजींना त्रास देत नाही, एवढ्यावरच तिची नोंद थांबते. पुढे संसारात दूध उतू जाणं, गॅस चालू राहणं, मुलांच्या फीची तारीख निघून जाणं याचा ठपका ‘वळण नाही’ म्हणून येतो. त्यात निदानाची भीतीही खरी आहे. ‘माहेरच्यांनी लपवून लग्न लावलं’ हे वाक्य कधी ऐकावं लागेल सांगता येत नाही. म्हणून हे माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा आणि स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलायचं आहे, असं सरळ सांगावं. चांगले डॉक्टर ते आपण होऊन सुचवतात.

प्रश्नावलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच बरीच गफलत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यातले पहिले सहा प्रश्न चाळणीसारखे आहेत. अवघड भाग संपल्यावर कामाची शेवटची किरकोळ टोकं पूर्ण करणं जड जातं का, ठरलेल्या भेटी आणि जबाबदाऱ्या लक्षात राहतात का, डोकं लावावं लागणारं काम सुरू करणं टाळलं जातं का, बराच वेळ बसावं लागलं की हातपाय चुळबुळतात का, असे ते प्रश्न. यातून संशय घ्यायला जागा मिळते, निदान होत नाही. आणि हे प्रश्न मुख्यतः टेबल-खुर्चीच्या जगातले आहेत. ते वाचून परंड्याचा शेतकरी म्हणेल, आमच्या कुठल्या भेटी ठरलेल्या असतात?

असतात. ई-पीक पाहणीची मुदत असते. २०२४ पर्यंत अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेलं की पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. ज्याने हप्ता भरला, नुकसान डोळ्यांनी पाहिलं, ‘आज करतो’ म्हणत तीन दिवस घालवले आणि असंच दर हंगामात झालं, त्याने हेच डॉक्टरांना सांगायला हवं. मोटार चालू करून बांधावर गप्पांत रमला आणि शेजाऱ्याच्या रानात पाणी गेलं. फवारणीचं औषध कोणत्या ओळीपर्यंत मारलं ते विसरून तिथेच पुन्हा मारलं. मोटारसायकलच्या हप्त्याचे पैसे हातात असूनही तारीख टळली आणि दंड बसला. प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न आपल्या रानात, दुकानात, स्वयंपाकघरात आणून बघावा आणि त्यापुढे ‘होय’ असं नुसतं न लिहिता एकेक प्रसंग लिहावा. कधी घडलं, किती रुपयांचा किंवा कोणत्या नात्याचा तोटा झाला, आणि असं किती वेळा होतं. पाच-सहा खरे प्रसंग पुरतात.

एक गोष्ट हमखास राहून जाते: तुम्ही उभे केलेले आधार. उपरण्याला गाठ मारून ठेवणं, दारालाच किल्ली टांगणं, सगळे पैसे बायकोच्या हाती देणं, भावाने रोज सकाळी फोन करून कामं सांगणं. या आधारांमुळे बाहेरून सगळं नीट दिसतं. ते काढून घेतले तर काय होईल, हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांना अडचणीचं खरं माप कळत नाही.

आणि दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा. शेतीला रात्रीची लाईट असली की माणूस मध्यरात्री उठून मोटार चालू करायला जातो. अशा झोपेवर कुणाचंही लक्ष लागणार नाही. उदासपणा, चिंता, थायरॉईडचा बिघाड, रक्तक्षय, घोरण्यासोबत श्वास अडकणं, अपघातात डोक्याला लागलेला मार, दारू यांनीही विसराळूपणा येतो. रक्ताच्या चिठ्ठ्या, आधीच्या औषधांचे कागद, तंबाखू-दारू किती आणि कधीपासून, हे सगळं न लपवता पुढे ठेवा. नात्यात कुणाला असाच त्रास आहे का, तेही विचारून जा, कारण हा विकार आनुवंशिकतेशी घट्ट बांधलेला आहे. पुष्कळदा मुलाची तपासणी चालू असताना बापाला आपलंच बालपण ओळखू येतं. चालू असलेली औषधं तपासणीसाठी म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

जायचं कुठे? धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची व्यवस्था आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये राज्याने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही हा जिल्हा आहे. त्यातले आशाताईंचे प्रश्न नैराश्य हुडकण्यासाठी आहेत, एडीएचडीसाठी नाहीत. पण वाट विचारायला त्यांच्याइतकं जवळचं माणूस नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. सविस्तर तपासणीसाठी लातूर, सोलापूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मनोविकार विभागात जाता येईल. जाण्याआधी प्रौढांची एडीएचडी तपासणी तिथे करतात का, कोणत्या वारी, एवढं फोन करून विचारून घ्या. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि समुपदेशन करतात, औषध मनोविकारतज्ज्ञच लिहितो. काम एका फेरीत उरकेल असं धरून जाऊ नका. आणि यासाठी कुणी मेंदूचा स्कॅन हवाच म्हणालं तर कशासाठी, हे जरूर विचारा. एडीएचडी दाखवणारा स्कॅन किंवा रक्ततपासणी अस्तित्वात नाही.

औषधांचा विषय पुढच्या प्रकरणात येईल. इथे एवढंच की मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार जपून ठेवतो, आणि ते गावच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. ते सुरू करण्याआधी रक्तदाब आणि नाडी पाहतात. घरात कुणी लहान वयात हृदयविकाराने गेलं असेल तर आधीच सांगा.

तेरला गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, घरी संत जमले आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते पाहायला. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तपासणीला निघालेल्या कित्येकांच्या मनात हेच चित्र असतं, की एक थाप पडेल आणि निकाल लागेल. त्या भीतीने माणूस दोन प्रकारे चुकतो. एक जण सगळं लपवतो आणि ‘तसं काही नाही, बायको म्हणाली म्हणून आलो’ म्हणतो. दुसरा मोबाइलवर शंभर रील पाहून लक्षणं पाठ करून जातो आणि डॉक्टरांसमोर घडाघडा म्हणून दाखवतो. पाठ केलेल्या उत्तरांत प्रसंग नसतात, आणि प्रसंग नसले की अनुभवी डॉक्टरला काम करायला काहीच उरत नाही. रील पाहूनच बऱ्याच जणांना पहिल्यांदा शंका आली, हे मी नाकारत नाही. ती शंका डॉक्टरांना सांगा. रीलमधली वाक्यं मात्र घरी ठेवून या. तपासणीअंती एडीएचडी नाही, झोपेचा किंवा नैराश्याचा त्रास आहे, असं निघालं तरी फेरी वाया गेलेली नसते. त्यावरही उपचार आहेत.

सोबत न्यायचा कागद मोठा नको. वहीचं एक पान पुरे. वरच्या अर्ध्यात आजचे पाच प्रसंग. खालच्या अर्ध्यात आई, आजी, थोरला भाऊ यांनी सांगितलेलं, ज्याचं त्याच्या नावापुढे आणि तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होतात त्या अंदाजासह. आई, मी आठ वर्षांचा: ‘दुधाला धाडलं तर रिकामीच किटली हलवत माघारी यायचा.’ आजी, मी नऊ वर्षांचा: ‘शेळ्या राखायला गेला आन् शेळ्या एकट्याच घरी आल्या.’